सलग सात हरलो. यंत्र खुन्नस काढतंय की मीच ढ?

रात्रपाळी (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १:१२

मंडळी, झोप येत नाहीये म्हणून हा धागा.

दिवसभर ऑफिस, संध्याकाळी लेक. ती साडेदहाला झोपली की हळूच हेडफोन चढवतो आणि पिंट्याबरोबर दोन, फार तर तीन मॅच. पाच विरुद्ध पाच. गेमचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर "तो टाकाऊ आहे, हा खेळा" यातच धागा संपेल. जिंकलं की पंचवीसेक गुण मिळतात, हरलं की तेवढेच जातात.

चौदा महिने झाले, सातशेच्या वर मॅच झाल्या. मी होतो तिथेच आहे, दीडशे गुण इकडे नाहीतर तिकडे. गेल्या आठवड्यात वरचं पदक, म्हणजे वरचा रँक, वीस गुणांवर आलं होतं. एक मॅच. एकच! ती हरलो. पुढची हरलो. आज सातवी. आजच्या मॅचमध्ये आमच्यातला एक गडी आठव्या मिनिटाला "जेवायला बोलावतायत" म्हणाला आणि गेला तो गेलाच. रात्री बारा वाजता कोण जेवतं हो?

माझा संशय असा, की माणूस वर सरकायला लागला की गेमचं टीम पाडणारं यंत्र त्याच्या टीममध्ये लिंबूटिंबू भरतं आणि जिंकण्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांवर आणून ठेवतं. कुणाला आतलं गणित ठाऊक आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दहीपोहे · शुक्रवार, सकाळी ७:४०

पहिला! आता वाचतो.

दहीपोहे · शुक्रवार, सकाळी ७:४४

वाचलं. तुम्हीच ढ. (हलके घ्या.)

तिखटजाळ · शुक्रवार, सकाळी ८:३०

सात? मी एका रविवारी अकरा हरले होते. नवऱ्याने बाराव्या वेळी राउटरच बंद केला. संसार त्यामुळे टिकला असं तो अजून सांगतो.

धाग्याबद्दल: प्रत्येकाला वाटतं लिंबूटिंबू आपल्याच टीममध्ये येतात. समोरच्या टीमलाही तेच वाटत असणार ना? त्यांच्यात तर पाच जागा आहेत, तुमच्यात चारच, पाचवे तुम्ही. तुम्ही खरंच बरे खेळत असाल तर लिंबूटिंबू समोर जाण्याची शक्यताच जास्त.

रात्रपाळी · शुक्रवार, सकाळी ९:०५

हे चार-पाचवालं गणित पिंट्याही ऐकवतो. ऐकायला छान आहे, पण मग माझे गुण का वाढत नाहीत?

आकडेमोड · शुक्रवार, सकाळी ११:२२

चहा घेऊन बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर.

या सगळ्याचं मूळ बुद्धिबळात आहे. आर्पाड एलो नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म हंगेरीतला, लहानपणीच अमेरिकेत गेले, मिलवॉकीला शिकवायचे आणि स्वतः तगडे खेळाडू. त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये घेतली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये. पुष्कळ जण 'एलो' हे कसलं तरी लघुरूप समजतात. आडनाव आहे ते.

पद्धत अशी, की दोघांच्या गुणांतल्या फरकावरून आधी अंदाज बांधायचा. फरक शून्य असेल तर पन्नास-पन्नास. २०० चा असेल तर वरचा शंभरात साधारण ७६ मिळवेल. ४०० चा असेल तर ९१. मग डाव होतो आणि निकाल अंदाजापेक्षा जितका वेगळा तितके गुण हलतात. दुबळ्याला हरवलंत तर चिल्लर मिळते, तगड्याला हरवलंत तर नोटा. एका डावात जास्तीत जास्त किती हलायचं याचाही आकडा असतो. फिडेत तो नवख्यांना ४०, नंतर २० आणि एकदा २४०० गाठले की १०. नवखा भराभर हलतो, मुरलेला सावकाश.

आता तुमचा प्रश्न. यंत्र तुम्हाला पन्नास टक्क्यांवर 'आणून बसवत' नाही. ते बरोबरीचे दहा जण शोधतं, आणि बरोबरीत दुसरं काय होणार? पन्नास टक्के हा या पद्धतीचा परिणाम आहे, शिक्षा नव्हे.

आणि सात हरणं. नाणं शंभर वेळा उडवलं तर कुठेतरी सलग पाच काटे पडण्याची शक्यता ८१ टक्के असते. सलग सातची ३२ टक्के. तुमच्या तर सातशे मॅच झाल्यात. एवढ्यात सात किंवा त्याहून लांब पराभवांच्या दोन-तीन माळा निव्वळ योगायोगानेच निघायला हव्यात. आधीची माळ आठवत नसेल, कारण तेव्हा पदक वीस गुणांवर नव्हतं.

दहीपोहे · शुक्रवार, सकाळी ११:२५

दंडवत. वाचनखूण साठवली.

चकलीचा_सोऱ्या · शुक्रवार, दुपारी १२:१०

आकडेमोड, नाणं निर्जीव असतं. मी पाचवी मॅच हरतो तेव्हा माझं डोकं तापलेलं असतं आणि सहावी मी रागात लावतो. ती सहावी पन्नास टक्के कशी?

आकडेमोड · शुक्रवार, दुपारी १२:३१

मुद्दा मान्य. तापलेलं नाणं काट्यावर जास्त पडतं, म्हणजे माळा आणखी लांब. पण मग ते खापर तुमच्यावरच फुटतं, यंत्रावर नाही.

रात्रपाळी · शुक्रवार, दुपारी १:४८

एलो समजलं. पण बुद्धिबळात एकास एक. इथे मी दहातला एक. माझ्या बाजूचा जेवायला गेला तर माझे पंचवीस का कापायचे? मी काय वाढायला गेलो होतो का?

इसारकाठी · शुक्रवार, दुपारी ३:१५

याच प्रश्नावर मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजच्या संशोधनशाळेत काम झालं. हर्ब्रिख, मिंका आणि ग्रेपेल. ट्रूस्किल हे नाव, एक्सबॉक्स ३६० साठी केलेलं, हॅलो ३ मध्ये वापरलेलं.

त्यात प्रत्येक खेळाडूमागे एक नाही, दोन आकडे असतात. एक म्हणजे तुमच्या कौशल्याचा अंदाज, दुसरा म्हणजे त्या अंदाजाची यंत्राला किती खात्री नाही त्याचं माप. नवा माणूस आला की अंदाज २५, अनिश्चितता ८.३३. दाखवायचा आकडा काढताना अंदाजातून अनिश्चितता तीनदा वजा करतात, म्हणजे नव्याला शून्य दिसतं. खेळत जाल तशी अनिश्चितता आटते आणि दिसणारा आकडा वर येतो. नव्या खेळाडूला 'मी चढतोय' असं वाटतं त्यातला बराच भाग म्हणजे यंत्राची खात्री वाढत असते. हे कळल्यावर मी जरा खट्टू झालो होतो.

टीमचं काय? टीमची ताकद म्हणजे पाचांची बेरीज. निकाल बेरजेचा लागतो आणि तो उलटा पाचांत वाटायचा. एका निकालातून एका माणसाबद्दल फार कमी कळतं. त्यांनीच हिशेब मांडलाय. एकास एक खेळात यंत्राला माणूस ओळखायला साधारण १२ डाव पुरतात. चारास चार असेल तर ४६. आठास आठ असेल तर ९१. जेवायला गेलेल्याचा निकाल तुमच्या खात्यात पडतो तो याच वाटणीतून. पुढच्या चाळीस मॅचमध्ये असे समोरच्या बाजूलाही जातील, तेव्हा तुम्ही इथे धागा काढणार नाही.

तिखटजाळ · शुक्रवार, दुपारी ३:२०

शेवटच्या वाक्याला +१.

वस्तादांचा_चेला · शुक्रवार, सायंकाळी ६:५५

मी गेम खेळत नाही, पोरगा खेळतो. पण वाचून राहवेना.

हे सगळं आमच्याकडं जत्रेत होतं. सांगली-कोल्हापूरकडं कुस्तीचं मैदान लागलं की आधी जोड ठरवायची. बारकी पोरं रेवड्यांवर लढत्यात, त्यांची कोण आकडेमोड करत नाही, उंचीला उंची लावली की झालं. पण मोठ्या इनामाची कुस्ती असली की पंच आणि दोन्ही तालमींचे वस्ताद फडात उभे राहत्यात. पोरांना कपडे काढून समोरासमोर उभं करायचं. वस्ताद मांडी बघतो, मान बघतो, कान बघतो. कान मोडलेला असला म्हणजे हा पठ्ठ्या मातीत वर्षं काढून आलाय. मग विचारायचं, गेल्या जत्रेत कुणासंगं धरलीवती? किती वेळ टिकला? त्यावरनं ठरतं. हात धरून पोरांना फडात फिरवत्यात, लोकांनी हरकत घ्यायची तर तेव्हाच घ्यायची.

आता ध्यानात घ्या, जोड लावणाऱ्याला कोण जिंकणार याच्याशी काय घेणं नसतं. कुस्ती रंगली पायजे. दोन मिनिटांत चितपट झाली तर लोक म्हणणार जोड चुकली. अर्धा तास नुसती खडाखडी झाली तर बरोबरीत सोडवत्यात, तरी टाळ्या पडत्यात. धागावाल्यांना वाटतंय यंत्रानं आपल्याला वर न्यायला पायजे. यंत्राचं ते कामच नव्हं. त्याला फड रंगवायचाय.

आकडेमोड · शुक्रवार, सायंकाळी ७:१०

चेला, मी एवढं टंकून जे सांगितलं ते तुम्ही एका फडात सांगितलंत. मॅचमेकिंगला मराठीत 'जोड लावणे' म्हणावं असा प्रस्ताव मांडतो.

इसारकाठी · शुक्रवार, सायंकाळी ७:१८

अनुमोदन.

पिंगळा · शुक्रवार, रात्री ११:०२

आणि चेला, मोडलेल्या कानाचा पैलवान नवखा म्हणून रेवड्यांच्या कुस्तीत घुसवला तर?

वस्तादांचा_चेला · शुक्रवार, रात्री ११:०९

होतं की. लांबच्या गावचा आणायचा, हिकडं कोण ओळखत नाही म्हणून. कळलं की मारत्यात.

पिंगळा · शुक्रवार, रात्री ११:३४

त्यालाच गेममध्ये स्मर्फ म्हणतात. १९९६ च्या सुमारास वॉरक्राफ्ट २ मध्ये दोन दादा खेळाडूंचं नाव बघूनच लोक पळायचे. मग त्यांनी निळ्या बुटक्यांच्या कार्टूनमधली नावं घेऊन नवी खाती काढली आणि बिचाऱ्यांना बडवलं. तेव्हापासून शब्द रुळला. मार मात्र उशिरा बसला. सप्टेंबर २०२३ मध्ये डोटा २ वाल्यांनी नव्वद हजार स्मर्फ खाती एका झटक्यात बंद केली, आणि यापुढे मूळ खात्यावरही कारवाई होऊ शकते असं बजावलं.

कबुलीजबाब: माझंही एक दुसरं खातं होतं. मुख्य खात्यावर हरायचा कंटाळा आला की तिकडे.

तिखटजाळ · शनिवार, सकाळी ८:१५

म्हणजे माझ्या त्या अकरांतले दोन-तीन पराभव तुमच्यामुळे. पत्ता द्या, जेवायला येते.

पिंगळा · शनिवार, सकाळी १०:४०

सोडलं हो ते. एकदा समोर एक पोरगं होतं, आवाजावरून बारा-तेराचं. मॅच संपल्यावर म्हणालं, "दादा, तुम्ही तो दुसरा बाण कसा मारला?" शिव्या दिल्या असत्या तर मी खेळत राहिलो असतो. त्याने विचारलं ते लागलं. अर्धा तास सराव लॉबीत त्याला बाण शिकवला आणि खातं बंद केलं.

चकलीचा_सोऱ्या · शनिवार, दुपारी १२:२०

सगळे यंत्राची आरती करतायत म्हणून थोडा तिखटाचा हात. २०१७ मध्ये अॅक्टिव्हिजन या गेम कंपनीला एक पेटंट मिळालं. त्यात मांडलंय की जोड अशी लावायची की खेळाडूला पैसे खर्च करावेसे वाटतील. नवख्याला एखाद्या भारी बंदूकवाल्यासमोर टाका, तो ती बंदूक विकत घेईल. त्याच वर्षी ईए या दुसऱ्या गेम कंपनीच्या आणि कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी पेपर काढला, की बरोबरीची जोड म्हणजे सगळ्यांत गुंतवून ठेवणारी जोड असं नाही, माणूस कधी सोडून जाईल याचा अंदाज घेऊन जोड्या लावाव्या. आता बोला. रात्रपाळींचा संशय अगदीच हवेतला आहे का?

आकडेमोड · शनिवार, दुपारी १:०५

दोन्ही खरं आहे. पण पेटंट घेणं आणि वापरणं यात फरक आहे. ते कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही असं कंपनीने तेव्हा सांगितलं.

उलट बाजूही बघा. २०२४ मध्ये त्याच कंपनीने कॉल ऑफ ड्यूटीबद्दल अहवाल काढला. लोक बोंबलत होते की कौशल्य बघून जोड लावणं बंद करा, आम्हाला निवांत खेळू द्या. त्यांनी गुपचूप काही खेळाडूंसाठी ती अट सैल करून पाहिली. सर्वांत तरबेज दहा टक्के सोडले तर बाकीच्यांचं परत येणं घटलं. बोंब मारणारे बहुधा त्या दहा टक्क्यांतले.

चकलीचा_सोऱ्या · शनिवार, दुपारी १:२२

कंपनीने कंपनीबद्दल काढलेला अहवाल. सोऱ्यानेच चकली चाखून पाहिली आणि खुसखुशीत आहे म्हणाला.

आकडेमोड · शनिवार, दुपारी १:२५

:) हे मान्य. आतला कोड आपल्या दोघांनाही दिसत नाही. मी म्हणतो ते एवढंच, की सात पराभव समजावून सांगायला कट लागत नाही, नाणं पुरतं.

तिखटजाळ · शनिवार, दुपारी ४:३०

एक गोष्ट कुणी बोललं नाही. जो रँक दिसतो आणि जोड लावायला जो आकडा वापरतात, ते बहुतेक गेममध्ये एकच नसतात. लीग ऑफ लेजेंड्समध्ये आधी एलो उघड दिसायचा. २०१३ च्या हंगामापासून तो झाकला आणि वर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे कप्पे आणि गुण ठेवले. व्हॅलोरंटमध्येही तसंच. आयर्नपासून रेडियंटपर्यंतचा बिल्ला हा दिखाऊ, आत एमएमआर, म्हणजे जोड लावायचा आकडा, वेगळा.

म्हणूनच जिंकल्यावर १५ आणि हरल्यावर २२ असं दिसतं तेव्हा लोक चिडतात. यंत्र सांगत असतं, की बिल्ला वरचा झालाय, आतला आकडा खालचा आहे, हळूहळू खाली ये. उलट जिंकल्यावर २५ आणि हरल्यावर १४ असेल तर आतला आकडा वर आहे, बिल्ला मागून येतोय. मी आता बिल्ल्याकडे बघतच नाही, या दोन आकड्यांकडे बघते. पगार आणि हुद्दा यांत पगार बघावा तसं.

दहीपोहे · शनिवार, सायंकाळी ५:००

अवांतर: भाचा बीजीएमआयमध्ये (पबजीचा भारतीय अवतार) काँकरर व्हायच्या मागे आहे, म्हणजे हंगामातल्या पहिल्या पाचशेत. त्याची युक्ती बघितली तर गवतात पालथा पडून राहतो. वीस-वीस मिनिटं! मारामारी शून्य. विचारलं तर म्हणतो, "मामा, टिकण्याचे गुण मिळतात." शंभरातले शेवटचे दहा उरले की मग उठतो. जुलै २०२२ ते मे २०२३ गेम बंद होता तेव्हा हा पोरगा चक्क मैदानात खेळायचा, तिथेही लपंडावच.

इसारकाठी · शनिवार, सायंकाळी ५:४०

हा:हा: पण त्यात मुद्दा आहे. यंत्र ज्याचे गुण देतं तेच लोक खेळतात. म्हणूनच पाचास पाचच्या बऱ्याच गेममध्ये गुण मुख्यतः जिंकण्या-हरण्यावर ठेवतात. किती मारले याचे गुण दिले की सपोर्ट, म्हणजे सोबत्यांना मदत करायची भूमिका, खेळायला कुणी उरत नाही, सगळे शेवटचा घाव घालायला धावतात.

तिखटजाळ · शनिवार, सायंकाळी ६:१०

अवांतरात माझंही एक. आईला आजतागायत पटलेलं नाही की ऑनलाइन गेम थांबवता येत नाही. "एवढं अमेरिकेत बसून केलंय, आणि थांबवायचं बटण नाही केलं?"

पिंगळा · शनिवार, सायंकाळी ६:२२

डोटामध्ये आहे की बटण. फक्त समोरची टीमही ते परत चालू करू शकते. आईला सांगा, मग ती समोरच्यांच्या आयांना फोन लावेल.

इसारकाठी · शनिवार, रात्री ९:५०

धाग्यावर परत येतो. रात्रपाळी, तुम्ही खेळता किती वाजता? रात्री अकरा ते एक, आठवड्याच्या मधल्या दिवशी?

विचारण्याचं कारण असं. क्यू, म्हणजे मॅच शोधायची रांग, लावली की यंत्र आधी अगदी तुमच्या आकड्याच्या आसपासचे नऊ जण शोधतं. मिळाले नाहीत की खिडकी हळूहळू रुंद करतं. आधी थोडी, मग आणखी. रविवारी संध्याकाळी हजारो लोक क्यूमध्ये असतात, जोड चटकन आणि नेटकी लागते. बुधवारी रात्री साडेबाराला मुंबईच्या सर्व्हरवर जे जागे असतात त्यांतूनच दहा काढायचे. थांबणं कमी की जोड चांगली, यातलं एकच मिळतं. मी म्युनिकहून कधीकधी पुण्यातल्या मित्रांसाठी भारतातल्या सर्व्हरवर येतो. माझी संध्याकाळ, तुमची मध्यरात्र. मॅच लागते तेव्हा दहांतले तीन-चार नेहमीचेच असतात, आता आम्ही एकमेकांना "काय, झोप नाही का?" विचारतो.

वस्तादांचा_चेला · शनिवार, रात्री १०:०५

लहान गावची जत्रा. चार पैलवान आलेत, त्यांतच लावायचं.

रात्रपाळी · शनिवार, रात्री ११:४५

बुधवार-गुरुवारच बहुतेक. क्यू कधीकधी सहा-सात मिनिटं चालते. आणि पिंट्या असला की जास्तच, तो माझ्यापेक्षा दोन पदकं वर आहे ना.

आकडेमोड · शनिवार, रात्री ११:४८

काय?

इसारकाठी · शनिवार, रात्री ११:४९

दोन पदकं??

तिखटजाळ · शनिवार, रात्री ११:५२

दोन दिवस झाले. तीसच्या वर प्रतिसाद झाले. आणि हे आत्ता सांगताय?

रात्रपाळी · शनिवार, रात्री ११:५५

त्याचा काय संबंध? तो चांगला खेळतो म्हणजे मला मदतच ना?

आकडेमोड · रविवार, रात्री १२:२०

अहो, तुम्ही दोघं एकत्र क्यू लावली की यंत्रापुढे पेच पडतो. सरासरी काढली तर पिंट्या समोरच्यांचा चुरा करणार. म्हणून बऱ्याच गेममध्ये वरच्या खेळाडूकडे झुकतं माप देतात. समोर येतात ते पिंट्याच्या तोडीच्या जवळचे, तुमच्या नाही. पिंट्याला जोड बरोबर लागते. तुमच्यासमोर मोडलेल्या कानाचा उभा.

एकत्र खेळणाऱ्यांचा प्रश्न यंत्रांना कायम छळतो. व्हॅलोरंटमध्ये रँक्ड खेळायला दोघं चालतात, तिघं चालतात, पाच चालतात, चार चालत नाहीत. कारण चार मित्र आणि एक परका. त्या परक्याचं काय होत असेल ते ज्याने एकदा भोगलंय त्याला विचारा.

आणि एक कटू बोलतो, राग मानू नका. समजा तुम्ही खरंच आत्ताच्या जागेपेक्षा चांगले आहात आणि शंभरात पंचावन्न जिंकता. शंभर मॅचनंतर २५० गुण वर जायला हवेत. पण नशिबाचा हेलकावाही तेवढाच, २५० चा. म्हणजे सहांतल्या एकाला शंभर मॅच खेळूनही काहीच चढ दिसणार नाही. तोवर तुमची तक्रार रास्त. सातशेनंतर चढापुढे हेलकावा फिका पडतो. सातशे मॅच दीडशेच्या पट्ट्यात म्हणजे तुम्ही तिथलेच. 'पिंट्याबरोबर खेळणारे तुम्ही' तिथले. एकटे तुम्ही कुठले, हे यंत्राला बहुधा अजून नीट माहीत नाही.

चकलीचा_सोऱ्या · रविवार, रात्री १२:३१

आणि चौदा महिन्यांत तुम्ही सुधारला नाहीत असंही नाही हो. बाकीचेही सुधारले. लोकलमध्ये आपण दाराकडून दोन पावलं आत सरकतो, पण मागून दहा जण चढलेले असतात, तसं.

पिंगळा · रविवार, सकाळी ११:००

एकटे खेळून बघा, वीसेक मॅच. रविवारी संध्याकाळी. तुमच्या गेममध्ये अनिश्चिततेचं माप असेल तर त्यातही फरक दिसेल. डोटामध्ये एप्रिल २०२३ पासून ग्लिको पद्धत आहे. मार्क ग्लिकमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाची, १९९५ ची. लीचेसवर बुद्धिबळ खेळत असाल तर तिथे तिचीच पुढची आवृत्ती आहे, सगळे १५०० पासून सुरू. गोम अशी, की बराच काळ खेळला नाहीत तर यंत्राची खात्री उतरते आणि परत आल्यावर गुण दणादण हलतात. मी दोन वर्षांनी परत आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये बसल्यासारखं वाटत होतं. खालीच जाणाऱ्या, पण लिफ्ट.

रात्रपाळी · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:३०

धागा वर काढतोय.

वीस मॅच एकट्याने खेळलो, सगळ्या शनिवार-रविवारी, लेक आजीकडे असताना. अकरा जिंकलो, नऊ हरलो. पन्नास गुण. आकडेमोड, वीस मॅचने काही सिद्ध होत नाही हे ठाऊक आहे, टंकू नका.

पण फरक जाणवला तो वेगळा. क्यू दीड मिनिटात लागते. समोरच्याला मी एकटा असताना मारू शकतो, आणि तोही मला. आधी मी अर्धी मॅच मरून काळ्या-पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायचो, पिंट्या चार जणांशी झुंजत असायचा आणि मला वाटायचं आपण टीमनेच हरतोय. एक मॅच तर एक्कावन्न मिनिटं चालली. चेला, तुमची ती अर्ध्या तासाची खडाखडी. हरलो, पण उठून पाणी प्यायलो तेव्हा हात थरथरत होता.

पदक अजून मिळालेलं नाही. आणि मोठी अडचण म्हणजे पिंट्याला सांगितलेलं नाही. त्याला वाटतंय शनिवार-रविवार आम्ही सासुरवाडीला असतो.

तिखटजाळ · रविवार, रात्री १०:४१

बायकोपासून लपवून खेळणारे ऐकले होते. मित्रापासून लपवून खेळणारा पहिलाच.

वस्तादांचा_चेला · रविवार, रात्री १०:५०

जोडीदाराला सांगा की, रँक्ड एकट्यानं आणि साधी मॅच दोघांनी. तालमीत भावाभावांची लढत सरावाची असत्या, तिथं इनाम लावत न्हाईत.

पिंट्या_खरा · रविवार, रात्री ११:०४ (सदस्यकाळ: ६ मिनिटे)

नमस्कार. पहिलाच प्रतिसाद, चूकभूल द्यावी घ्यावी.

वहिनींना आत्ताच फोन केला. सासुरवाडीला तुम्ही दिवाळीनंतर गेलेला नाहीत.

बुधवारी अकराला ये. साधी मॅच. आणि त्या जेवायला गेलेल्याला शिव्या दिल्यास ना, तो माझा चुलत भाऊ होता.